नागपूरला गेलेले आणि जागेवरच राहिलेले

पदवीच्या मधल्या वर्षात कॉलेज बदलायचं म्हटलं की घरात पहिला शब्द निघतो तो टीसीचा. विद्यापीठही बदलणार असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, आणि त्यानंतर नव्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी. जुनं विद्यापीठ लिहून देतं की या विद्यार्थ्याला आम्ही मोकळं केलं. नवं विद्यापीठ तपासतं की याला घेता येतं का. मधल्या काळात विद्यार्थी कोणाचाच नसतो. कधी पंधरा दिवस, कधी एक सत्र, कधी आख्खं वर्ष.

हे कागद जुन्या जमान्यात नव्हते. मदरशांच्या परंपरेत विद्यार्थी एका उस्तादाकडून दुसऱ्याकडे जायचा आणि जाताना ‘इजाजत’ घेऊन जायचा. अमुक किताब याने माझ्याकडे वाचली, ती शिकवायला मी याला परवानगी देतो, एवढंच त्यात असे. इजाजत माणसाने माणसाला दिलेली होती, इमारतीने नव्हे. बीदरला महमूद गवानने १४७२ मध्ये मदरसा बांधला, तेव्हा दखनमध्ये बाहेरून येणाऱ्या तालिब-ए-इल्मला कोणी विचारत नव्हतं की तुझं आधीचं शिक्षण कोणत्या मंडळाचं. विचारत ते, कोणाकडे वाचलंस? त्या व्यवस्थेला उगाच सोनेरी मुलामा द्यायची गरज नाही. ती मूठभरांसाठी होती आणि मुलींसाठी जवळपास नव्हतीच. पण शिकलेलं ज्ञान सोबत नेता येत होतं, हे खरं.

१८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली आणि चित्र बदललं. कॉलेज शिकवणार, विद्यापीठ परीक्षा घेणार आणि पदवीही विद्यापीठच देणार, अशी ही संलग्नतेची पद्धत. विद्यार्थी आता उस्तादाचा राहिला नाही, तो एका हद्दीतला झाला. पुढे विद्यापीठं वाढली तशी एकाची परीक्षा दुसऱ्याने मानायची की नाही हा प्रश्न डोईजड झाला. १९२५ मध्ये इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड स्थापन झालं. परस्परांच्या पदव्यांना मान्यता हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक होतं. आजची ‘असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज’ ती हीच.

विद्यापीठ बदलताना विद्यार्थ्याचं खरोखर काय पणाला लागतं, हे पाहायचं असेल तर आपल्या मराठवाड्याइतकं चांगलं उदाहरण नाही. इथे वीस वर्षांत दोन वेगवेगळी स्थलांतरं झाली. एकात मुलं विद्यापीठ सोडून गेली. दुसऱ्यात मुलं जागेवरच राहिली आणि विद्यापीठच बदललं. पहिल्याबद्दल आपण दर १७ सप्टेंबरला भाषणं ऐकतो. दुसऱ्याबद्दल बोलताना फारसं कोणी दिसत नाही.

हैदराबाद संस्थानातल्या उस्मानिया विद्यापीठाचं फर्मान मीर उस्मान अली खान यांनी १९१७ मध्ये काढलं. विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झालं आणि १९१९ पासून वर्ग भरू लागले. इंग्रजी हा सक्तीचा विषय होता, पण बाकी सगळं शिक्षण उर्दूतून. इतिहास, अर्थशास्त्रच नव्हे, तर विज्ञान आणि पुढे वैद्यकसुद्धा. त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ हा अनुवाद विभाग आधीच उभा केला होता. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक हे त्याच्या सुरुवातीच्या प्रमुखांपैकी. हे अब्दुल हक बरीच वर्षं औरंगाबादेत राहिले. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं कार्यालयही तेव्हा औरंगाबादेत होतं, आणि तिथल्या इंटरमिजिएट कॉलेजचे ते प्राचार्यही होते. म्हणजे उर्दूच्या या मोठ्या प्रयोगाचं एक स्वयंपाकघर मराठी मुलखातच होतं.

एक हिंदी भाषा घेऊन तीत आधुनिक विज्ञान शिकवायचं आणि त्यासाठी शेकडो ग्रंथांचे अनुवाद करायचे, हे काम तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कोणत्याही विद्यापीठाने केलेलं नव्हतं. मातृभाषेतून उच्च शिक्षण द्या म्हणणारे आपण सगळे आज जे मागतो, ते या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं. अडचण ‘मातृभाषा’ या शब्दात होती. संस्थानात जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलत. सुमारे चौथा हिस्सा मराठी आणि एक दशांशाहून थोडे अधिक कन्नड. उर्दू ज्यांची घरची भाषा होती ते साधारण दहा टक्के. परभणी किंवा धाराशिवच्या मराठी मुलाला वरच्या शिक्षणासाठी आपली भाषा दारात सोडून आत यावं लागे. म्हणायला हे काही ट्रान्सफर नव्हतं. पण एका भाषेत जमवलेली पुंजी दुसऱ्या भाषेत नव्याने मोजून घ्यायची, हे संकट त्याच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदा इथे आलं.

आता १९३८. सप्टेंबरमध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट जन्मण्याआधीच बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. आर्य समाजाचं आणि हिंदू महासभेचं आंदोलनही त्याच सुमारास पेटत होतं, आणि त्यामुळे वातावरणाला धार्मिक रंग चढला होता. नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हटलं. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलं ऐकेनात. लोण हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांत गेलं, तिथून इतर जिल्ह्यांच्या कॉलेजांत आणि शाळांत. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना या गीताबद्दल काय वाटतं ते मला ठाऊक आहे. ती अस्वस्थता तेव्हाही होती, आणि ती फक्त निजामाच्या दरबाराची नव्हती. ऑक्टोबर १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीनेच राष्ट्रीय सभांमध्ये पहिली दोन कडवीच म्हणावीत असं ठरवलं होतं, ते याच कारणाने. तेव्हा मनाई का झाली, हे समजून घेता येतं. शिक्षा समजून घेता येत नाही. वसतिगृहाची प्रार्थनेची खोली बंद करणं हा एक निर्णय झाला. मुलाचं वर्ष, त्याची पदवी, त्याच्या बापाने धान्य विकून भरलेली फी बुडवणं हा दुसरा. विद्यापीठाला पहिला अधिकार असेल. दुसरा असतो असं मला वाटत नाही, मग मुलं कोणतंही गीत म्हणत असोत.

काढलेल्या मुलांनी जायचं कुठे? निजाम कॉलेज हैदराबादेतच होतं आणि ते मद्रास विद्यापीठाला जोडलेलं, इंग्रजी माध्यमाचं. पण तेही निजामाच्याच सरकारचं. आणि एका विद्यापीठाने शिस्तीच्या कारणाने काढलेला विद्यार्थी दुसऱ्याने सहसा घ्यायचा नाही, हा संकेत तेव्हाही होता आणि आजही आहे. अशा मुलांच्या हातात टीसी नसते. असली तर तिच्यावरच्या शेऱ्यामुळे ती नसलेलीच बरी.

दार उघडलं ते नागपूरने. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झालेलं, म्हणजे उस्मानियाहून लहान. टी. जे. केदार तेव्हा कुलगुरू होते. त्यांनी या मुलांना प्रवेश दिला. मुलं नागपूरला आणि त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या इतर गावांच्या कॉलेजांत गेली. यात एक गंमत आहे. मध्यप्रांताबरोबर वऱ्हाडही नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होतं, आणि कागदोपत्री वऱ्हाडवर सार्वभौमत्व निजामाचंच. त्याच्या थोरल्या मुलाला १९३६ पासून ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत. तेव्हा निजामाने काढलेली मुलं जर अमरावतीत शिकली, तर ती एका अर्थाने निजामाच्याच मुलखात शिकली.

केदारांच्या निर्णयाचं कौतुक राष्ट्रीय चळवळीच्या पुस्तकांत होतं, ते योग्यच आहे. मला शिक्षक म्हणून त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. या मुलांनी उर्दूतून शिकलेलं शिक्षण नागपूरने शिक्षण म्हणून मानलं. तू इंटर उर्दूतून केलंस, आता पहिल्यापासून ये, असं म्हणून त्यांना परत पाठवलं नाही. आधीच्या गुरूवर विश्वास ठेवून पुढचा गुरू शिष्य स्वीकारतो, तसं काहीसं झालं. राजकीय धाडसाखाली ही शैक्षणिक उदारता झाकली गेली आहे.

पुढचा भाग सोपा नसणार. नागपुरात शिक्षण इंग्रजीतून. उस्मानियाच्या मुलांचं इंग्रजी अगदीच कच्चं नव्हतं, सक्तीचा विषय होताच. पण भाषा येणं वेगळं आणि विषय त्या भाषेत येणं वेगळं. ज्याने त्रिकोण ‘मुसल्लस’ म्हणून आणि कोन ‘जाविया’ म्हणून शिकला, त्याला प्रमेय सिद्ध करता येतं, फक्त इंग्रजी वर्गात हात वर करता येत नाही. भौतिकशास्त्र त्याच्यासाठी ‘तबीइयात’, वनस्पतिशास्त्र ‘नबातियात’, रसायनशास्त्र ‘कीमिया’, अर्थशास्त्र ‘मआशियात’. आणि मराठी किंवा तेलुगू घरातल्या मुलाला तर हे शब्दही आधी पाठ करावे लागले होते. बिचाऱ्याची ती दुसरी पाटी पुसून आता तिसरी.

या मुलांतलं सर्वांना ठाऊक असलेलं नाव म्हणजे पी. व्ही. नरसिंह राव. वरंगळकडचे, तेलुगू घरातले. वंदे मातरम् आंदोलनामुळे त्यांना शिक्षणासाठी संस्थानाबाहेर पडावं लागलं. नागपूर, मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज आणि पुन्हा कायद्यासाठी नागपूर, असा त्यांचा प्रवास झाला. त्यांचं उर्दू-फारसी चांगलं होतं ते हैदराबाद संस्थानातल्या शिक्षणामुळे आणि मराठी चांगलं झालं ते या हद्दपारीमुळे. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. पंतप्रधान म्हणून त्यांच्याबद्दल, विशेषतः १९९२ बद्दल, आपल्या समाजाच्या मनात जे आहे ते आहेच, आणि मी ते इथे बाजूला सारत नाही. पण मध्येच विद्यापीठ बदलावं लागलेल्या विद्यार्थ्याच्या हाती काय लागू शकतं, याचं ते उदाहरण आहे. अर्थात ज्यांच्या हाती काहीच लागलं नाही, वर्ष बुडालं आणि जे गावी परत जाऊन शेतीला लागले, त्यांची चरित्रं कोणी लिहीत नाही.

दहा वर्षांनी, सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस ॲक्शन झाली. १३ तारखेला सुरू होऊन १७ ला निजामाचं राज्य संपलं. त्यानंतर उस्मानियाचं माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी झालं. एका विद्यार्थ्याच्या नजरेतून हे पाहा. कॉलेज तेच, इमारत तीच, प्राध्यापकही बरेचसे तेच. त्याला कोणी काढलं नाही, त्याने कुठे अर्ज केला नाही, आणि तरीही जी भाषा त्याच्या डोक्यात शास्त्र म्हणून बसली होती ती त्याच्या पायाखालून निघून गेली. नागपूरला गेलेल्या मुलांना जे सोसावं लागलं तेच याला सोसावं लागलं, फक्त स्टेशनवर निरोप द्यायला कोणी आलं नाही. त्याच्या नावाने सत्कारही झाला नाही, कारण त्याने काही केलेलंच नव्हतं.

या विद्यार्थ्यांत सगळ्या धर्मांचे होते. पण ज्यांची घरची भाषाच उर्दू होती त्यांच्यावर हे दुहेरी आलं. मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांची तेव्हाची अवस्था सुंदरलाल समितीच्या नोंदींतून कळते. ज्या घरात कर्ता माणूस राहिला नव्हता, तिथे पोराच्या कॉलेजचं माध्यम ही चिंतेच्या यादीत फार खालची बाब होती. नोकरीत उर्दूची किंमत गेली, कचेरीत गेली, मग कॉलेजात गेली. शिक्षण अर्ध्यावर सुटलेली पिढी म्हणून आपण जिच्याबद्दल आजा-आजीकडून ऐकतो, ती काही आळशी नव्हती आणि तालीमची दुश्मनही नव्हती. तिच्याकडचं नाणं एका रात्रीत चलनातून बाद झालं होतं.

मग मराठी मुलाला उर्दूतून शिकावं लागत होतं, त्याचं काय? तोही अन्यायच होता. तो तीसेक वर्षांचा होता आणि बहुसंख्यांवर होता. १९४८ नंतरचा बदल त्याची दुरुस्ती म्हणून आला. पण दुरुस्ती करताना मधल्या वर्षांत अडकलेल्या मुलांसाठी पूल बांधायचा असतो. नागपूरने एका माणसाच्या निर्णयाने तो बांधला होता. ज्यांना हा पहिला अन्याय दिसतो त्यांना दुसरा दिसत नाही, आणि आपल्यातल्या ज्यांना दुसरा दिसतो ते पहिल्याबद्दल गप्प असतात. दोन्ही मुलं एकाच बाकावर बसली होती, हे कोणी ध्यानात घेत नाही.

पुढची गोष्ट त्याहून चमत्कारिक. १९५० मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघालं. त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज सुरू झालं, तेच आजचं मिलिंद. ही कॉलेजं उस्मानियाला जोडलेली. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झालं. आता विद्यार्थी एका राज्यात आणि त्याचं विद्यापीठ दुसऱ्या राज्यात. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं, एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले आणि ही कॉलेजं नव्या विद्यापीठाकडे आली. ट्रान्सफर झाली ती कॉलेजांची. विद्यार्थी सकाळी ज्या वर्गात बसत होता त्याच वर्गात बसत राहिला.

असं आपल्याकडे नंतरही होत राहिलं. १४ जानेवारी १९९४ ला या विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळं निघालं. त्या सुमारास शिकलेल्यांच्या फाइली काढून बघा. कोणाची पहिल्या वर्षाची गुणपत्रिका एका नावाची आणि पदवी दुसऱ्या नावाची. नोकरीच्या मुलाखतीला गेलं की हे विद्यापीठ आणि ते विद्यापीठ एकच कसं, हे समजावून सांगायचं काम उमेदवाराचं. दोन सरकारी निर्णयांचा खुलासा बावीस वर्षांच्या पोराने का करायचा, हा प्रश्न त्या टेबलापलीकडच्या माणसाला पडत नाही.

आज आपल्याकडे यावर उत्तर म्हणून ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आहे. २०२१ पासून ही योजना सुरू झाली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या खात्यात जमा होतात, जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात आणि दुसऱ्या संस्थेत नेता येतात. कल्पना चांगली आहे. मला ती त्या जुन्या इजाजतची लांबची नात वाटते, कारण यातही शिकलेलं विद्यार्थ्याच्या नावावर राहतं. पण खात्यात जमा असलेलं आणि दुसऱ्या विद्यापीठाने मानलेलं यात अंतर राहतंच. तुमच्या तिसऱ्या सत्राचा पेपर आमच्या चौथ्या सत्रात आहे, तुमचा ऐच्छिक विषय आमच्याकडे नाही, मग हे राहिलेले विषय द्या. हे ठरवणारा माणूस अजूनही खिडकीमागेच आहे.

आणि भाषेचा श्रेयांक कोणत्याच बँकेत जमा होत नाही. महाराष्ट्रात बालभारती उर्दू माध्यमाची पुस्तकं छापते, मुलं दहावीपर्यंत उर्दूतून गणित-विज्ञान शिकतात आणि अकरावी सायन्सला गेल्यावर १९३८ च्या नागपूरमध्ये येऊन पडतात. मदरशातून आलिमियत करून आलेल्यांचं आणखी कठीण. अलीगढ, जामिया मिल्लिया आणि हैदराबादचं १९९८ मधलं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ ठरावीक मदरशांच्या सनदा प्रवेशासाठी मानतात, त्यांच्या याद्या असतात. आपल्या जवळच्या कॉलेजात ती यादी कोणी पाहिलेलीही नसते. माझ्या ओळखीच्या एका मुलाची सनद एका कॉलेजच्या कारकुनाने उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, ‘यावर टक्के कुठे आहेत?’ टक्के होते, उर्दू आकड्यांत होते. मुलाने पेन्सिलीने शेजारी मराठी आकडे लिहून दिले, तर खाडाखोड केली म्हणून कागद परत आला. शेवटी तो दूरस्थ शिक्षणाने बीए झाला, पण दोन वर्षं उशिराने.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून दहावीच्या मुलांसाठी दरवर्षी एक वही करून घेतो. तीन रकाने. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. जाविया, कोन, अँगल. विज्ञानाचे सर त्यांचे शब्द देतात, मी माझे देतो. जून-जुलैत जुन्या विद्यार्थिनी अकरावीच्या वर्गातून फोन करतात, ‘सर, अमुक शब्द वहीत नाही.’ मग तो पुढच्या वर्षीच्या वहीत जातो. यंदा तिची पानं चौऱ्याऐंशी झाली आहेत.